शातो गायार: दोन वर्षांत बांधला, सहा महिन्यांत गेला

फ्रान्समधे नॉर्मंडीत सेन नदीच्या वळणावर लेझ आंदली गाव आहे, त्याच्या डोक्यावर पांढऱ्या चुनखडीच्या कड्यावर हा किल्ला, म्हणजे आता उरलाय तो पडका बालेकिल्ला आणि थोडी तटबंदी. नॉर्मंडी तेव्हा इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात; त्या राजा रिचर्डने (तोच, लायनहार्ट) ११९६ ला काम काढलं आणि ११९८ पर्यंत जवळपास उरकलंसुद्धा. जागा रुआंच्या (नॉर्मंडीचं मुख्य शहर) आर्चबिशपची, त्याने बोंबाबोंब केली, प्रकरण पोपपर्यंत गेलं, पण रिचर्डसाहेब काही थांबले नाहीत. खर्च सुमारे १२ हजार पौंड, तेव्हाचे!

११९९ ला रिचर्ड मेला, गादीवर भाऊ जॉन आला आणि १२०३ मधे फ्रान्सचा राजा फिलिप याने वेढा घातला. आत गावकरी पण आश्रयाला आलेले. दाणागोटा पुरेना म्हणून किल्लेदार रॉजर द लेसीने त्यांना बाहेर काढलं, आधीच्यांना फ्रेंचांनी जाऊ दिलं पण नंतरच्यांना अडवलं, आणि ती माणसं ऐन थंडीत तट आणि वेढा यांच्या मधे अडकून पडली, कित्येक उपाशी मेली. लोक लायनहार्टच्या शौर्याबद्दल भरभरून बोलतात, मला या किल्ल्याचं नाव काढलं की हेच आठवतं.

पुढे फ्रेंच शौचकुपातून आत घुसले अशी गोष्ट सांगतात (काही म्हणतात चॅपेलच्या खिडकीतून). मार्च १२०४ मधे किल्ला पडला, जूनमधे रुआं, की नॉर्मंडी जॉनच्या हातून गेलीच. पाडायचा हुकूम मात्र १५९९ चा, फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याचा.