उणे वीस परवडलं

डिसेंबर लागला की भारतातून फोन सुरू होतात. "एवढ्या बर्फात सायकल? धन्य आहेस!" आईचं वाक्य ठरलेलं : "अगं, आतून अजून एक स्वेटर घाल." तिला कसं पटवणार, की इथे सायकलवालीचं वैर थंडीशी नाहीच. उबेशी आहे.

इथे म्हणजे ओउलूत. फिनलंडमध्ये, बोथ्नियाच्या आखाताकाठी, आर्क्टिक वृत्ताच्या पावणेदोनशे किलोमीटर अलीकडे. डिसेंबरअखेरीस दिवस जेमतेम साडेतीन तासांचा, बाकी अंधार. तरी गावात सायकलवाटा 900 किलोमीटरच्या वर, आणि मोठा रस्ता आडवा आला की त्या सरळ खालच्या बोगद्यातून पलीकडे निघतात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 2013 मध्ये इथेच भरली. मेट्सोकांगास नावाच्या भागातल्या शाळेबाहेरचा, बर्फात रांगेने लावलेल्या सायकलींचा फोटो 2018 साली जगभर फिरला होता. पारा उणे सतरा, आणि बाराशेपैकी हजारेक मुलं सायकलवर. लोकांना मुलांचं कौतुक वाटलं. मुलांना कशाचंच वाटलं नसणार, पहिला तास कुठला एवढीच चिंता.

तर ऊब. घरातून निघताना अंगाला छान उबदार वाटत असेल तर समजावं, कपडे जास्त झाले. पाचेक मिनिटं पायडल मारले की आतली भट्टी पेटते, पाठीवरून घामाचा ओघळ सुटतो, आणि मग सिग्नलला थांबलं की तोच घाम थंड पडून हाडापर्यंत जातो. त्यात आतला बनियन सुती असला तर विचारूच नका. म्हणून फाटकापाशी थोडं कुडकुडायलाच हवं. हे आईला फोनवर सांगायची माझी हिंमत नाही. (बोटं मात्र अपवाद. त्यांना लाडच लागतात. खेकड्याच्या नांगीसारखे दिसणारे, दोन-दोन बोटं एका खणात बसवणारे हातमोजे मिळतात. त्यात ब्रेकही दाबता येतो आणि बोटं एकमेकांच्या सोबतीनं तगूनही राहतात.)

सायकलीचंही तसंच. नवखा माणूस मायेपोटी तिला रात्री घरात आणतो. मडगार्डखालचा, चाकाच्या मध्यात अडकलेला बर्फ वितळतो, पाणी ब्रेकच्या तारेच्या नळीत आणि फ्रीव्हीलमध्ये शिरतं. सकाळी बाहेर काढली की ते पाणी गोठतं. मग पायडल गरागरा फिरतात आणि चाक ढिम्म हलत नाही, कारण फ्रीव्हीलच्या आतल्या बारक्या खिट्ट्या दात्यांत पडायच्या, त्या गोठून जागीच चिकटलेल्या असतात. त्यापेक्षा तिला बाहेर छपराखाली, कोरड्या गारठ्यात उभी करावी. सकाळी सीटवरचा भुरभुरीत बर्फ हातमोज्यानं झटकायचा आणि निघायचं. आत आणायची ती फक्त दिव्याची बॅटरी, गारठ्यात ती लवकर मान टाकते.

रस्ताही थंडीतच चांगला. उणे पंधरा-वीसला दाबून बसलेला बर्फ कोरडा असतो, टायरखाली करकरतो, आणि त्यावर पकड मिळते. रात्री बर्फ पडला की लोक कामाला निघायच्या आत नांगरगाड्या मुख्य वाटांवरून जाऊन येतात. त्या सगळा बर्फ खरवडून काढत नाहीत. सपाट, घट्ट थर ठेवतात, वर बारीक खडी टाकतात. मिठाच्या भानगडीत फारसं पडत नाहीत. उणे दहाच्या खाली साधं मीठ तसंही नावालाच उरतं, वर सायकलची चेन खातं ते वेगळं. सकाळी त्या पांढऱ्या थरावर पात्याच्या बारीक रेघा उमटलेल्या दिसतात. मी घातलेल्या टायरांत टंगस्टन कार्बाइडचे खिळे आहेत. रेघांवरून जाताना ते बारीक कुरकुरतात, बोगद्यातल्या कोरड्या डांबरावर आले की ताशा वाजवतात.

मला विचाराल तर सगळं श्रेय या नांगरगाडीवाल्यांचं. आमच्या पिंडात वायकिंगबियकिंग काही नाही. मी पुण्याची. एकेकाळी पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे. तिथे पारा शून्यावरसुद्धा कधी उतरला नाही, तरी सायकल गेली. हवेनं नाही, रस्त्यांनी घालवली.

आणि मग मार्च येतो. दुपारी पारा शून्याच्या वर डोकावतो, ऑफिसात सगळ्यांचे चेहरे उजळतात, कोणीतरी जॅकेटची चेन उघडून फिरतं. मला धडकी भरते. दुपारी वाटेचा थर भिजून तपकिरी रेंदा होतो, पुढचं चाक एकीकडे आणि मन दुसरीकडे. रात्री त्याच रेंद्यात पडलेल्या चाकोऱ्या दगडासारख्या गोठतात, सकाळी ऊन लागलं की वर पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो. बर्फावर पाणी म्हणजे टायरला धरायला काहीच नाही. चष्मा धुकटतो, बूट भिजतात, पाठीवर मागच्या चाकानं काढलेली चिखलाची रेघ घेऊन मीटिंगला बसावं लागतं. अख्ख्या जानेवारीत न घसरलेली माणसं या आठवड्यात लंगडताना दिसतात.

परवा शेजारच्या टेबलावरची सहकारी आनंदानं म्हणाली, उद्या अधिक तीन आहे! मी बसचं वेळापत्रक उघडलं.