खुर्ची बघून बसणारी माणसं

या गणपतीपर्यंत आमच्या सासूबाईंना वाटत होतं की दोन वर्षांपूर्वी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. नवरा, माझी आई आणि ऑफिसातली एक मैत्रीण सोडून सगळ्यांना मी हेच सांगितलेलं, आणि एकदा सांगितलं की ते निभवावं लागतं ना, म्हणजे हळदीकुंकवाला कोणी विचारलं "अगं केवढी वाळलीस, शुगर निघाली का?" तर "नाही हो, रोज चालायला जाते" म्हणायचं आणि डिशमधला सामोसा टिश्यूत गुंडाळून हळूच पर्समध्ये टाकायचा. वर्षभर माझ्या पर्सला तेलाचा वास येत होता, खोटं नाही सांगत.

तर माझी स्लीव्ह झालीये. बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन. ११८ किलो होते, आता ७७ च्या आसपास. जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती केळ्यासारखी एक नळी, आणि भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे सुरुवातीचे बरेच महिने भूक म्हणून लागतच नाही. हे सगळं सर्जननी चित्र काढून नीट समजावलं होतं. प्रोटीन रोज ६० ग्रॅम तरी, पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर, बी१२, कॅल्शियम, आयर्न कायमचं. तीन-चार महिन्यांनी केस गळतील, घाबरू नका, परत येतात. (आले. पण मधे मी ओढणीशिवाय बाहेर पडत नव्हते.)

मनाचं काय होणार ते मात्र पंधरा मिनिटांत उरकलं गेलं. ऑपरेशनच्या आधी एक काउन्सेलर बाई फॉर्म घेऊन आल्या, "टेन्शन आलं की जास्त खाता का?" असा प्रश्न होता, मी "नाही" वर टिक केलं कारण मला भीती होती की "हो" म्हटलं तर ऑपरेशन कॅन्सल करतील. आता हसू येतं. पुढे ज्या थेरपी ग्रुपला गेले, त्यातल्या आठपैकी सहा जणांनी हेच केलं होतं.

ऑपरेशननंतर पाचव्या-सहाव्या महिन्यात एका रविवारी मसालेभात केला सगळ्यांसाठी, वर खोबरं-कोथिंबीर, साजूक तूप, आणि माझ्यापुढे वाटीत चार चमचे वरण आणि पनीरचे दोन तुकडे. काहीच झालं नव्हतं, कोणी काही बोललं नव्हतं, आणि मी ओट्याशी उभी राहून हुंदके देऊन रडायला लागले. नवरा बिचारा घाबरला. म्हणाला, "अगं आता तर बारीक झालीस, आता कसलं रडतेस?" वाईट अर्थाने नाही म्हणाला तो. पण हे वाक्य प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी बोललेलं असतं, हे मला नंतर कळलं.

वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी आधीपासून होते, पेशंट लोकांचा, अडीचशे माणसं. तिथे आधीचा फोटो-आताचा फोटो, कुठली प्रोटीन पावडर कमी गोड, कोणाचं वजन कुठे अडकलं. उपयोगाचा आहे तो, नाही असं नाही. पण तिथे "मला रडू येतंय" लिहिलं की पंधरा जण फुलं पाठवतात आणि एक जण म्हणतो पॉझिटिव्ह राहा. मला फुलं नको होती.

ग्रुप थेरपीचं डाएटिशियनने सुचवलं. दर दुसऱ्या शनिवारी दीड तास, आठ माणसं आणि एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, एकूण दहा सेशन. (सर्जरीचा क्लेम इन्शुरन्सने पास केला, याचे पैसे खिशातून.) पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं लवकर गेले आणि एक गोष्ट बघितली. गोलात प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन्ही बाजूंना हात असलेल्या. जो येईल तो आधी खुर्चीकडे बघायचा, मग पाठीवर हात ठेवून जरा दाबून बघायचा, आणि मग हळूच, अंग चोरून बसायचा. मीही तसंच केलेलं. आठही जणं त्या खुर्चीत आरामात मावत होतो, एक मुलगी तर पंचावन्न किलोची झालेली, पण एकही माणूस सरळ जाऊन बसला नाही. लग्नाच्या हॉलमध्ये खुर्ची मोडून पडलेला माणूस पुढे आयुष्यभर खुर्ची बघूनच बसतो. त्या खोलीत पहिल्यांदा वाटलं की हे फक्त माझंच नाहीये.

नियम पहिलाच, इथलं इथेच. म्हणून पुढे जे दुसऱ्यांबद्दल लिहितेय ते त्यांना विचारून आणि बारीकसारीक बदलून.

मला वाटलं होतं सायकॉलॉजिस्ट बाई लेक्चर देतील. त्या जवळजवळ बोलतच नाहीत! कोणी काही सांगितलं की लगेच आपली खोड, "अहो तुम्ही असं करा ना". तर त्या थांबवतात, म्हणतात सल्ला नंतर, आधी हे ऐकून तुम्हाला काय झालं ते सांगा. पहिली दोन सेशन मला याचा भयंकर कंटाळा आला, पैसे घेऊन गप्प बसायचं हे चांगलंय म्हटलं. तिसऱ्याला सुतळी आणली त्यांनी. प्रत्येकाने डोळ्यांच्या अंदाजाने आपल्या कंबरेच्या मापाची सुतळी कापायची आणि मग ती गुंडाळून बघायची. माझी सुतळी एक वीत चार बोटं जास्त निघाली. म्हणजे माझ्या डोक्यात मी अजून तेवढीच होते, रिक्षात अजूनही कडेला सरकून बसत होते, दुकानात हात आपोआप डबल एक्सएलच्या रॅककडे जात होता. पंचावन्न किलोवाल्या मुलीची सुतळी तर तिच्याभोवती जवळजवळ दोनदा आली. कोणी हसलं नाही.

एक काका आहेत, रेल्वेतून रिटायर झालेले, बायपास झालेली (हृदयाची नाही, वजनासाठीची, जठराची). आधी महिन्यातून कधीतरी दोन पेग, आता रोज. आता एका पेगमध्येच पटकन चढते. बाईंनी तेव्हा सांगितलं की बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात दारूचा त्रास पहिल्या वर्षी नाही, तर दुसऱ्या वर्षी वाढलेला दिसला. काका म्हणाले, "मॅडम, आधी रात्री चिवडा होता हो. चिवड्याला कोणी व्यसन म्हणत नव्हतं." हे मी कधीच विसरणार नाही.

दुसरं-तिसरं वर्ष अवघड असतं, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं. पहिल्या वर्षी वजन धडाधड उतरतं, लोक कौतुक करतात, नवे कपडे, सगळा सण असतो. मग काटा थांबतो, कौतुक संपतं, भूकही थोडी परत येते, आणि आयुष्यातले जे प्रॉब्लेम आपण वजनाच्या खात्यावर टाकले होते ते जागच्या जागी असतात. कॅनडात ऑन्टारिओमधल्या पेशंट्सवर २०१५ साली एक अभ्यास आला, त्यात सर्जरीनंतर स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकार आधीपेक्षा वाढलेले होते आणि त्यातले बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातले. आणि आपल्याकडे फॉलोअप कधी ढिला पडतो? वर्षाने. माझाही पडला होता, मीच जाणं सोडलं होतं. आमच्यातल्या एकीला चौथ्या सेशननंतर बाईंनी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, ग्रुपलाही येत राहिली. सगळं ग्रुपमध्ये बसून सुटत नाही, हेही तिथेच कळलं.

नाती हा विषय तर दोन सेशन पुरला. स्वीडनच्या २०१८ च्या अभ्यासात म्हणे असं दिसलं की सर्जरीनंतर एकट्या लोकांची नवीन नाती जास्त जुळली आणि जोडीत असलेल्यांची जास्त तुटलीही. आमच्यातल्या एका मुलीचा नवरा आता तिचा फोन बघतो. ११० किलोची होती तेव्हा कधी नाही बघितला.

माझी पाळी सहाव्या सेशनला आली. मी नेहमीसारखी हर्नियाची गंमत सांगत होते, पर्समधला सामोसा वगैरे, लोक हसत होते, आणि काकांनी मधेच विचारलं, "पण सासूबाईंना सांगितलं तर काय होईल हो? ओरडतील?" मी म्हटलं छे, त्या कशाला ओरडतील. "मग?" आणि मला बोलताच येईना.

आमच्या सासूबाई सांगलीच्या. लग्न करून आले तेव्हा माझं वजन बघून नातेवाईक कुजबुजत होते, तेव्हा त्यांनी भर पंक्तीत म्हटलेलं, "माझी सून मनापासून जेवते, उगाच चोचले नाहीत." अठरा वर्षं आमचं नातं हेच. त्या वाढणार, मी "पुरे पुरे" म्हणणार, त्या अजून एक पोळी टाकणार, मी संपवणार. दुसरं काही फारसं बोलणं नाहीच आमच्यात. ऑपरेशनची लाज वाटत नव्हती मला. ऑपरेशन सांगितलं की तो आग्रह संपेल आणि मग आमच्यात उरेल काय, ही भीती होती. हे मी आठ जवळजवळ अनोळखी माणसांसमोर पहिल्यांदा बोलले, त्याआधी स्वतःशीपण नाही.

गणपतीच्या आठ दिवस आधी त्या आल्या. समया घासत बसलो होतो तेव्हा सांगून टाकलं. त्या पितांबरी लावत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "हर्नियाला कोणी वर्षभर सूप पितं का गं."

त्या दिवसापासून आग्रह बंद. एकदम बंद. ताटात लहान वाटी, मी म्हणेन तेवढंच, पुन्हा विचारणं नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. शनिवारी ग्रुपमध्ये सांगितलं, काका म्हणाले मग मागा की. मागायचं काय, म्हटलं. "आग्रह."

चतुर्थीला दुपारी पानं वाढली. सासूबाई मोदकाचं पातेलं घेऊन माझ्यापुढून सरळ पुढे गेल्या. मीच हाक मारली, "आई, मला अर्धा मोदक वाढा ना. तूप नको पण, खरंच."

त्यांनी तूप घातलंच.