पहिली दहा मिनिटं

दूषित पाण्याची तक्रार आली की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: एकच घर की सगळी गल्ली? एकच घर असेल तर 'टाकी धुऊन घ्या' म्हणून फोन ठेवता येतो. गल्ली म्हटली की गाडी काढावी लागते. गावठाणातल्या त्या गल्लीचं प्रकरण दोन्हींत बसत नव्हतं. मारुतीच्या देवळाच्या अलीकडची घरं निवांत होती, पलीकडची बोंब मारत होती, आणि आमचा माणूस जाऊन नमुना घेऊन आला की अहवाल यायचा, पिण्यास योग्य. त्या अहवालाच्या जोरावर ॲपवरची तक्रार बंद व्हायची. 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे' हा मेसेज आणि गढूळ पाण्याच्या पेल्याचा फोटो कुणीतरी शेजारी शेजारी लावून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो माजी नगरसेवकांकडे गेला (तेव्हा सगळे माजीच होते, प्रशासकराज होतं), तिथून वरच्या साहेबांकडे आणि शेवटी माझ्याकडे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेत पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता आहे. शहराचं नाव लिहीत नाही. तिथंच अजून नोकरी करायची आहे.

गेल्या पावसाळ्यातली ही गोष्ट. त्याच वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गिलान-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण सापडले होते आणि संशयाचं बोट पाण्याकडे गेलं होतं. तेव्हापासून 'पाण्याला वास येतोय' एवढं म्हटलं तरी लोकांच्या पोटात गोळा यायचा. आमच्या खात्यातल्या जुन्या मंडळींना त्याहून जुनी आठवण आहे, २०१२ साली इचलकरंजीत आलेल्या काविळीच्या साथीची. दूषित पाण्यातून होणारी ती कावीळ, हेपेटायटिस ई, फार धूर्त असते. पोटात गेल्यापासून दोन ते दहा आठवड्यांनी ती दिसते. म्हणजे रुग्ण दवाखान्यात येतो तोवर ज्या पाण्यानं तो आजारी पडला ते कधीच वाहून गेलेलं असतं, आणि आज घेतलेला नमुना स्वच्छ निघतो.

गल्लीत मी एका संध्याकाळी नुसती बघायला गेले. देवळाच्या पलीकडच्या तिसऱ्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी काही न बोलता मला ओट्यावर नेलं. कोकम सरबताच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर वहीच्या कागदाची पट्टी डिंकानं चिकटवलेली. ५:३२. ५:३५. ५:४०. ५:५०. ६:१५. पहिल्या दोन बाटल्यांच्या तळाशी काळसर गाळ बसला होता. तिसरीत थोडा. शेवटच्या दोन इतक्या नितळ, की घटाघटा प्यावं.

"तुमचा माणूस किती वाजता येतो गं?" काकूंनी विचारलं.

"साडेसातला."

"आणि पाणी साडेपाचला येतं."

त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही आजवर घेतलेले सगळे नमुने साडेसातनंतरचे होते आणि सगळे अहवाल खरे होते. काकूंच्या बाटल्याही खऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता व्हॉल्व्हमन मामांबरोबर मी चौकात हजर. मामांची नोकरी माझ्या वयाएवढी. कुठला व्हॉल्व्ह किती आट्यांचा आहे ते नकाशात नाही, त्यांच्या डोक्यात आहे. पावसाची भुरभुर चालू होती. त्यांनी लोखंडी चावी चेंबरमध्ये उतरवली आणि अगदी हळूहळू फिरवायला घेतली. रिकाम्या लाइनीत पाणी एकदम सोडलं तर आतली हवा दाबली जाऊन जुने जोड उखडतात. मी काकूंच्या नळाशी क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायचं साधन, घेऊन बसले. आधी नळातून हवा फुसफुसली, मग दोन-तीन गचके देऊन पाणी आलं. ज्याला आम्ही ओटी टेस्ट म्हणतो ती अगदी सोपी असते. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, जितका क्लोरीन जास्त तितका पिवळा गडद. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळाला मिळालाच पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. जलशुद्धीकरण केंद्रातून आम्ही त्याहून बराच जास्त सोडतो, म्हणजे शेवटच्या घरापर्यंत तेवढा उरावा.

पहिल्या नळीत थेंब पडले आणि काहीच झालं नाही. पाणी जसंच्या तसं. वास मात्र ओट्याखालच्या चेंबरचं झाकण उघडावं तसा. दहा मिनिटांनी फिकट पिवळा रंग धरला. सहा वाजता व्यवस्थित पिवळा.

क्लोरीन वाटेत संपत होता, म्हणजे वाटेत घाण आत शिरत होती. प्रश्न कुठे एवढाच. देवळाच्या अलीकडच्या घरी पहिल्या पेल्यापासून क्लोरीन मिळत होता. मधलं अंतर फार तर पन्नास पावलं, पण गावठाणात पन्नास पावलं म्हणजे पन्नास वर्षांचे नळजोड, ड्रेनेज, इंटरनेटच्या केबली आणि या सगळ्यांच्या बाजूनं फरशांनी झाकलेलं गटार. सगळं खणत बसलो तर गल्ली दिवाळीपर्यंत बंद.

मामा म्हणाले, "म्याडम, गटारीचं पाणी बघा की."

मला आधी कळलं नाही. त्यांनी एक फरशी सरकवली, बादलीनं पाणी काढलं आणि नळी माझ्यापुढे धरली. मी थेंब टाकले. गटाराच्या पाण्याला स्पष्ट पिवळी झाक आली. नळाच्या पहिल्या पाण्यात क्लोरीन नाही आणि गटारात आहे! दोन फरशा वर सरकलो, झाक गडद झाली. आणखी एक वर, रंग गायब. म्हणजे आमचं शुद्ध केलेलं पाणी त्या दोन फरशांच्या मध्ये गटारात गळत होतं, आणि जिथून पाणी बाहेर पडतं तिथूनच दाब नसताना गटार आत येतं. पदवीच्या चार वर्षांत ही टेस्ट गटारावर करायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

तोवर सात वाजले होते. मी वरिष्ठांना फोन लावला. जागा सापडली आहे, खोदाई करते, पण त्याआधी लोकांना पाणी पिऊ नका म्हणून सांगायला हवं. पलीकडून उत्तर आलं, "लॅबचा रिपोर्ट येऊ द्या. उगाच घबराट नको." त्यांचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. पण जिवाणू तपासणीला दोन दिवस लागतात. गावोगावी वापरतात ती एचटूएसची बाटली, पाणी दूषित असेल तर काळी पडणारी, तीसुद्धा चोवीस तास तरी घेते. दोन दिवस म्हणजे या गल्लीतल्या पाण्याच्या आणखी दोन पाळ्या. मग मी आमच्या भागातल्या वैद्यकीय अधिकारी मॅडमना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "क्लोरीन किती?"

"पहिली दहा मिनिटं शून्य."

"मग रिपोर्ट कशाला हवाय? घंटागाडी पाठवते. मजकूर तू दे."

महापालिकेच्या सूचना कशा असतात ते सगळ्यांना पाठ आहे. तांत्रिक कारणास्तव, काही भागात, उशिरा व कमी दाबाने, नागरिकांनी सहकार्य करावे. त्यात वाचणाऱ्याला हवं ते काहीच नसतं: माझी गल्ली आहे का, आणि किती वाजेपर्यंत. मी गटाराच्या कडेला उभी राहून मोबाइलवर लिहिलं: मारुती मंदिर ते ओढ्याचा पूल, दोन्ही बाजूंची घरं. आज सकाळी नळाला आलेलं पाणी पिऊ नका, स्वयंपाकालाही वापरू नका, भांड्यात भरलेलं ओतून द्या. साडेनऊला देवळासमोर टँकर येईल. आशाताई घरोघर मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध) देतील. पुढची सूचना संध्याकाळी सहा वाजता.

वरून त्यात एक बदल आला, 'खबरदारी म्हणून' हे शब्द घाला. घातले. साडेआठला घंटागाडी गल्लीत शिरली, नेहमीचं स्वच्छतेचं गाणं मध्येच थांबलं आणि ड्रायव्हरनं मजकूर वाचला. त्याला ओढ्याचा पूल ठाऊक होता म्हणून बरं. त्यानं स्वतःहून पुलापलीकडच्या चाळीचीही भर घातली. ती चाळ त्याच लाइनीवर आहे, हे मलाही माहीत होतं, पण तिला काय नाव आहे ते नव्हतं.

जेसीबी त्या बोळात वळत नाही. ठेकेदाराची चार माणसं कुदळ, पहार आणि घमेली घेऊन आली. मुरूम, मग विटांचे तुकडे, मग काळी चिकट माती. पावसामुळे खड्डा भरत होता आणि एक पोरगा पंप लावून उपसत होता. खाली आमची चार इंची बिडाची लाइन दिसली, शिशाच्या जोडांची, अगदी ठणठणीत. काम चोख केलं होतं जुन्या लोकांनी. तिच्यावरून नळजोडांच्या अर्धा इंची नळ्या गटारातून आरपार गेल्या होत्या. गटार नंतर बांधलं, आणि नळ्या उचलून वरून घेण्याऐवजी भिंतीला भोकं पाडून तशाच आत सोडल्या. त्यातली एक नळी गटाराच्या मधोमध संपत होती. तिच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली, अर्धी कुजलेली. मामांनी व्हॉल्व्ह दोन आटे उघडला तशी खुंटीच्या कडेनं पाण्याची बारीक चिळकांडी उडाली.

नळजोड कुणाचा? समोर पूर्वी वाडा होता. तो पाडून तीन मजली इमारत झाली, तिला नवा जोड मिळाला, जुन्या जोडाचं बिल बंद झालं. कागदावर तो तेव्हाच संपला. जमिनीत मात्र मुख्य लाइनीवरचं फेरूल, म्हणजे नळजोडाची नळी जिथं लाइनीला जोडतात तो तुकडा, काढून तिथं बूच मारायला हवं होतं, ते कुणी मारलं नाही. बांधकामाच्या प्लंबरनं खुंटी ठोकली आणि तो निघून गेला. एरवी आमचा नियम साधा आहे, फेरूलपर्यंतची लाइन महापालिकेची, तिथून पुढची नळी ग्राहकाची. या नळीला ग्राहकच नव्हता.

तरी एक उरतंच. पाणी बाहेर गळेल, पण गटारातली घाण आत ओढते कोण? त्याचं उत्तर गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आठ वाजायला आले, दाब उतरायला लागला की वरच्या मजल्यांवरच्या मोटारी सुरू होतात, थेट नळाला जोडलेल्या. त्या वेळी खालच्या घरातल्या नळाला बोट लावलं तर बोट आत खेचलं जातं. काकूंनी मला ते करून दाखवलं होतं. ज्या ओढीनं बोट खेचलं जातं, त्याच ओढीनं कुजक्या खुंटीच्या बाजूनं गटार लाइनीत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचपर्यंत तिथंच पडून राहतं. कराडजवळच्या मलकापुरासारखं चोवीस तास पाणी असतं तर नळी कायम दाबाखाली राहिली असती आणि भोक असूनही घाण आत शिरली नसती. आमच्याकडे पाणी अडीच तास. उरलेला सगळा वेळ लाइन रिकामी.

दुपारभर काम चाललं. फेरूल काढलं, बूच बसवलं, बाकीचे जोड निळ्या एमडीपीई प्लास्टिकच्या नळ्यांनी गटाराच्या वरून फिरवले. दरम्यान खड्ड्याभोवती आठ-दहा जण कायम उभे. एक गृहस्थ मोबाइलवर शूटिंग करत म्हणाले, "बघा, महापालिका आम्हाला गटाराचं पाणी पाजते." मी वर त्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. मोटारीची वायर खाली लोंबत होती. मी काही बोलले नाही, मामा बोलले, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सहा वाजले तेव्हा काम संपलं नव्हतं. तरी सूचना सहालाच गेली: गळती सापडली, बंद केली, शेवटचे जोड बाकी. रात्री नऊला लाइन धुण्यासाठी पाणी सोडू, ते भरू नका. उद्याचं पहिलं पाणी तपासून सहा वाजता कळवू. माझ्या अंदाजापेक्षा ग्रुप शांत राहिला. दिवसभर उत्तर न मिळालेली माणसं जशी भांडतात तशी ही भांडली नाहीत. रात्री ओढ्याकडच्या टोकाला लाइन सोडून दिली, आधी काळं, मग लाल, मग स्वच्छ पाणी आलं, आणि नंतर जादा क्लोरीन दिला. सकाळी काकूंच्या नळाचा पहिलाच पेला पिवळा झाला. काकूंनी त्या बाटलीवरही पट्टी चिकटवली. लॅबचा अहवाल त्यानंतर आला: आदल्या दिवशीचा पहिला नमुना, पिण्यास अयोग्य. आशाताईंचं सर्वेक्षण त्या गल्लीत पुढे दोन महिने चालू ठेवलं, काविळीच्या हिशेबानं. रुग्ण सापडला नाही.

मोटारींवर कारवाई झाली ती मात्र फारशी सांगण्यासारखी नाही. पथक येणार ही बातमी पथकाच्या आधी पोचली. आम्ही गेलो तेव्हा नळांना मोटारी नव्हत्या, नुसते ओले नटबोल्ट होते. एक मोटार तांदळाच्या डब्यामागं सापडली, तीही नातवानं बोट दाखवलं म्हणून. पण साडेसातचा नमुना आता साडेपाचला घेतात आणि अहवालावर वेळ लिहितात. गावठाणातल्या बंद नळजोडांची यादी बिल विभागाकडून मागवली आहे. ती लांबलचक आहे आणि फेरूल काढल्याची नोंद फारच थोड्यांपुढे आहे.

खड्डा बुजवला, वर खडी टाकली. आठवडाभरात ॲपवर नवी तक्रार: देवळासमोर खड्डा, दुचाकी घसरतात. ती रस्ते विभागाकडे गेली, खोदाई पाणीपुरवठ्याची म्हणून त्यांनी माझ्याकडे परत पाठवली. डांबराचे प्लांट पावसाळ्यात बंद असतात, तोवर पेव्हर ब्लॉक बसवून देते, असं मी ग्रुपवर लिहिलं. काकूंचं उत्तर लगेच आलं.

"कोणत्या तारखेला?"