तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच तळ्यात का?

बॉस्टनला समुद्र आहे, चार्ल्स नदी आहे. मग शहरातल्याच जमैका पाँड नावाच्या त्या डबक्यात कयाक घेऊन काय गोल गोल फिरता, हा प्रश्न मला इथल्या मराठी मित्रांनी आणि सांगलीच्या नातेवाइकांनी इतक्या वेळा विचारला आहे की, आता उत्तर एकदाचे लिहूनच टाकतो.

आधी ‘डबके’ हा शब्द मागे घ्या. हिमनदी मागे सरली तेव्हा गाडला गेलेला बर्फाचा प्रचंड तुकडा वितळून हे तळे झाले. काठाची फेरी जेमतेम दीड मैलाची. खोली मात्र पन्नास फुटांहून अधिक. एके काळी इथले पाणी लाकडी नळांतून बॉस्टनला जात असे आणि हिवाळ्यात इथला बर्फ कापून विकला जाई. उद्यानरचनाकार ओल्मस्टेडने बॉस्टनसाठी आखलेल्या उद्यानमालेत ते आले, 1912 मध्ये काठावर बोटघर झाले आणि तेव्हापासून लोकांना ते शोभेचे पाणी वाटू लागले. मलाही वाटत होते.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता आणि ऊन चांगले तापले होते. गळ्याशी काचते म्हणून मी मध्यावर पोचल्यावर लाइफ जॅकेटचे बकल सोडले. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या माणसाला या तळ्यात त्याची काय गरज, असे मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होते. वाऱ्याने उडालेली टोपी उचलायला वाकलो आणि कयाक उलटली. पाणी 15 अंश सेल्सिअसहून थंड असेल तर अंग बुडताच माणूस नकळत मोठा श्वास ओढतो, हे मी पुढे वाचले. त्या क्षणी एवढेच कळले की छाती आवळली गेली आहे, नाकातोंडात पाणी गेले आहे आणि हात माझे ऐकत नाहीत. सुटे जॅकेट वर सरकून हनुवटीत अडकले. कयाकच्या गुळगुळीत बुडावरून बोटे पुन:पुन्हा निसटत होती. काठावर धावणाऱ्यांच्या बुटांचे रंगसुद्धा मला दिसत होते, इतका काठ जवळ होता, पण हाक मारायला श्वास नव्हता. जवळच्या होडीतल्या एका आजोबांनी वल्हे पुढे केले आणि त्याला धरून मी धक्क्यापर्यंत आलो.

तरीही जातो. समुद्राला भितो म्हणून का? होय, तेही आहेच, ते मी नाकारत नाही. पण ज्या पाण्याला मी क्षुल्लक समजलो, ते नीट ओळखल्याशिवाय दुसरीकडे जावे असे मला वाटत नाही. आडव्या पडलेल्या त्याच ओंडक्यावर कासवे ऊन खात बसतात. किती अंतरावर वल्हे थांबवले तर ती पाण्यात उड्या टाकत नाहीत, हे समजायला मला दोन उन्हाळे लागले. घरचे म्हणतात, हा हट्ट आहे. ते चुकत आहेत असे मला म्हणता येत नाही.

आता बकल लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी धक्का सोडत नाही. मध्यावर गेलो की जॅकेट गळ्याशी काचू लागते, आणि हात अजूनही बकलाकडे जातो.