एंजल आयलंडची कयाक फेरी, आणि खांद्याला अडकवलेला रेडिओ

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत, सॉसालिटोहून कयाक (वल्ह्याची चिंचोळी होडी) मारत एंजल आयलंड या बेटाला पूर्ण वळसा घालून आलो. बे एरियातल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांनी ही फेरी करायची म्हणून विचारलं, त्यासाठी हे लिहितोय. वाटेवरची मजा थोडक्यात सांगतो. खरी भर रेडिओवर, म्हणजे बोटींवर बोलायला वापरतात त्या हातातल्या मरीन रेडिओवर आहे, कारण विचारणाऱ्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं: "उन्हाळ्यात कशाला हवा रेडिओ? शहर समोर दिसतं, फोनला रेंज असते."

इथला उन्हाळा हा आपला उन्हाळा नाही. जून ते ऑगस्ट कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागातली सेंट्रल व्हॅली तापते, तिथली गरम हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या, म्हणजे खाडीच्या तोंडाच्या, फटीतून आत ओढली जाते. सकाळी धुकं आणि दुपारनंतर वीस-पंचवीस नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा हा या दिवसांतला रोजचा कार्यक्रम. पाणी हिवाळ्यात दहा अंश सेल्सिअसच्या आसपास आणि उन्हाळ्याच्या शेवटी फार तर पंधरा-सोळा. म्हणजे वर्षभर गारच. उलट डिसेंबर-जानेवारीत दोन पावसांच्या मधे अशा निवांत, काचेसारख्या सकाळी मिळतात की ऑगस्टमध्ये त्यांची आठवण यावी. त्यामुळे "थंडीत रेडिओ, उन्हाळ्यात सनस्क्रीन" हा हिशेब इथे चालत नाही.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, मूळची रत्नागिरीची आमची एक ताई, आणि तिचे सासरे. त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. काकांची हयात मर्चंट नेव्हीत गेली. निवृत्तीनंतर मुलाकडे आले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर कयाक शिकले. मराठी माणूस बोटीवर गेला की रेडिओवर मोजकं बोलायला शिकतो, असं ते म्हणतात. घरी मात्र मोजकं बोलत नाहीत.

तारीख आम्ही वाऱ्यापेक्षा पाण्यावरून ठरवली. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण टाळून भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असते तो दिवस धरला. गोल्डन गेटखाली जोराची ओहोटी चार नॉटच्या वर जाते आणि साधा माणूस कयाक तीन नॉटने मारतो, त्यामुळे नोआच्या (अमेरिकेची हवामान-समुद्राची सरकारी संस्था) प्रवाहाच्या तक्त्यात पाणी थांबायची वेळ पाहिल्याशिवाय निघू नका. भरती-ओहोटीचा तक्ता आणि प्रवाहाचा तक्ता वेगवेगळे असतात. पाणी चढायचं थांबलं म्हणजे वाहायचंही थांबलं असं या खाडीत नसतं. आम्हाला पहाटेची ओहोटी संपतानाची वेळ मिळाली. साडेसहाला शूनमेकर बीचवरून कयाक पाण्यात घातले, बेल्व्हेडियरच्या टोकाशी पोचलो, आणि तिथून बेटापर्यंतची रॅकून सामुद्रधुनी ओलांडायच्या आधी थांबलो.

इथे काकांनी शिस्त घालून दिली. मी रेडिओचं बटण दाबायला गेलो तर म्हणाले, "अरे बाळा, आधी ऐक. दहा मिनिटं नुसतं ऐक." तेव्हा वैताग आला, पण या सहलीतून एवढीच एक गोष्ट कुणी उचलली तरी पुरे. हातातला मरीन रेडिओ मदत मागायला असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो नव्वद टक्के वेळ ऐकायला असतो हे पाण्यावर गेल्यावर कळतं.

काय ऐकायचं? पहिलं चॅनल १६. मदतीची हाक आणि पहिला पुकारा त्यावर होतो, आणि रेडिओ चालू असेल तर तो ऐकत राहणं अपेक्षितच असतं. दुसरं चॅनल १४. खाडीतल्या मोठ्या जहाजांची वाहतूक कोस्ट गार्डचं वाहतूक केंद्र याच चॅनलवरून सांभाळतं. जहाजाला खाडीतून वाट दाखवणारा पायलट "सॅन फ्रान्सिस्को ट्रॅफिक" म्हणून हाक मारतो आणि कुठून कुठे चाललोय, कुठल्या बाजूने जाणार, ते सांगतो. जवळपास सगळ्या हँडहेल्ड रेडिओंवर दोन चॅनल आळीपाळीने ऐकायची सोय असते. ती १६ आणि १४ वर लावून ठेवा. बोटीचे कप्तान आपापसात चॅनल १३ वर बोलतात, एक वॅटवर.

धुक्यात याचा उपयोग किती ते पॉइंट ब्लंटला कळलं. तोवर आम्ही भरतीच्या पाण्यावर अलगद बेटावरच्या आयाला कोव्हला पोचलो होतो, वाळूवर डबे सोडले होते (ताईची घावनं आणि लसणाची चटणी), आणि पूर्वेकडून खाली निघालो होतो. वाटेत चायना कोव्हला इमिग्रेशन स्टेशनच्या इमारती लागतात. १९१० ते १९४० या काळात पॅसिफिकवरून आलेल्या लोकांना इथे अडकवून ठेवत. बहुतेक चिनी, पण पंजाबातून आलेलेही होते. लाकडी भिंतींवर कोरलेल्या चिनी कविता आजही आहेत. त्या पाहायच्या तर वेगळा दिवस काढा.

पॉइंट ब्लंट म्हणजे बेटाचं आग्नेय टोक. इथे प्रवाह आपटतो, सील पडलेले असतात आणि त्याच्या दक्षिणेला, शेजारच्या अल्काट्राझ बेटाच्या उत्तरेने, मोठ्या जहाजांचा खोल पाण्याचा रस्ता आहे. दक्षिणेला धुकं अजून जमिनीला टेकलेलं होतं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, भोंगे मात्र वाजत होते, आणि धुक्यात भोंग्याची दिशा कळत नाही. चॅनल १४ वर एका टँकरच्या पायलटने हाक दिली: गोल्डन गेटच्या आत आलोय, अल्काट्राझच्या उत्तरेने पुढे जातोय. काकांनी हात वर केला. आम्ही टोकाच्या आत, खडकांपासून बेताचं अंतर ठेवून, वल्हं मारत जागच्या जागी थांबलो. थोड्या वेळाने धुक्यातून आधी इंजिनाची घरघर आली, मग एक काळी भिंत सरकली, आणि त्यानंतर बराच वेळाने, सगळं शांत झालंय असं वाटत असताना, तिच्या लाटा आल्या. आम्ही थांबलो नसतो तरी जहाजाच्या वाटेत आलो नसतो बहुधा. लाटांनी मात्र खडकाशी गाठलं असतं.

पुढचा प्रसंग आमचा नव्हे. दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेला जाताना चॅनल १६ वर एक माणूस घाईघाईत बोलू लागला. शिडाची बोट, इंजिन बंद, वारा नाही, प्रवाहाबरोबर वाहत चाललोय. कोस्ट गार्डचा आवाज मात्र संथ. कुठे आहात? बोटीवर किती माणसं? सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातलंय का? बोट कशी दिसते? मग २२ अल्फावर (कोस्ट गार्डशी पुढचं बोलायचा चॅनल) या. या प्रश्नांचा क्रम ऐकून ठेवा. आपल्यावर वेळ आली तर हेच विचारणार, त्यामुळे उत्तरं आधीच तयार असली पाहिजेत. कोस्ट गार्डची बोट निघायच्या आत जवळच्या एका मासेमारीच्या बोटीने "मी अर्ध्या मैलावर आहे, जातो" असं सांगितलं, आणि प्रकरण तिथेच निभावलं. फोनने हे झालं नसतं. फोनवर एकच माणूस ऐकतो आणि तो बहुधा दूर कुठेतरी टेबलाशी बसलेला असतो. रेडिओवर आजूबाजूचं सगळं पाणी ऐकतं. शिवाय ओल्या, बधिर बोटांनी फोनचा पडदा हलत नाही.

बधिर बोटांवरून आठवलं. थंड पाण्यात पडल्यावरचा एक ठोकताळा इथे शिकवतात: पहिलं मिनिट श्वास सावरण्यात जातं, पुढची दहाएक मिनिटं हात कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो. म्हणजे रेडिओ हाताळायचा तर त्या दहा मिनिटांत, एका हाताने. म्हणून रेडिओ कयाकच्या डेकवर किंवा कोरड्या पिशवीत ठेवू नका. तो अंगावर, लाइफ जॅकेटच्या खांद्याला किंवा छातीच्या खिशात हवा. पडलात आणि वाऱ्याने कयाक पळाला तर रेडिओही त्याच्याबरोबर जातो. दोरी आखूड ठेवा. लांब दोरी गळ्याशी गुंतते. ताईने आणि मी आधी स्विमिंग पूलमध्ये जाऊन पाण्यात उताणं पडून, हातमोजे घालून, बटणं दाबून पाहिली. जीवरक्षक मुलगा आमच्याकडे संशयाने पाहत होता. तिथेच कळलं की जाड हातमोज्यांनी माझ्या रेडिओचं चॅनलचं बटण लागतच नाही, पण लाल झाकणाखालचं डिस्ट्रेसचं बटण लागतं.

हे लाल बटण ज्या रेडिओला असतं त्यात डीएससी (आपोआप मदतीचा संदेश पाठवायची सोय) आणि जीपीएस असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की चॅनल ७० वरून तुमचा क्रमांक आणि ठिकाण आपोआप जातं. पण त्यासाठी आधी एमएमएसआय नावाचा नऊ आकडी क्रमांक घेऊन रेडिओत भरावा लागतो. बरेच जण महागाचा रेडिओ घेतात आणि हे करतच नाहीत. मग लाल बटण शोभेचं. अमेरिकेत बोटवाल्यांच्या संस्थांकडून हा क्रमांक ऑनलाइन मिळतो. तो भरताना आकडे दोनदा तपासा, कारण चुकला तर बहुतेक रेडिओत स्वतःहून बदलता येत नाही. अमेरिकेच्या हद्दीत छोट्या खाजगी बोटीला रेडिओचा परवाना लागत नाही. कयाक घेऊन कॅनडाच्या बाजूला उतरणार असाल तर मात्र लागतो, आणि बोटवाल्यांच्या संस्थेचा क्रमांक तिथे पुरत नाही, एफसीसीकडूनच (अमेरिकेचं सरकारी दूरसंचार खातं) घ्यावा लागतो.

विकत घेताना बजेट असेल तर डीएससीवालाच घ्या. नाही तर शंभर-दीडशे डॉलरचा साधा पाच वॅटचा, पाण्यावर तरंगणारा रेडिओही काहीच नसण्यापेक्षा लाख पटीने बरा. आयकॉम आणि स्टँडर्ड होरायझन ही नावं इथे सगळीकडे दिसतात. रेडिओवर लिहिलेलं आयपीएक्स७, हे पाणी न शिरण्याचं मानक, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढाच त्याचा अर्थ. ते कायमचं वचन नाही, रबराची झाकणं दर वर्षी तपासा. रेडिओ अमेरिकन चॅनलच्या मोडवर आहे ना तेही पाहून घ्या. आंतरराष्ट्रीय मोडवर २२ अल्फा मिळत नाही, आणि कोस्ट गार्ड तिथे या म्हणाला की तुम्ही मुके. नव्या रेडिओंवर हाच चॅनल १०२२ असा दिसतो.

पल्ल्याबद्दल गैरसमज फार. वॅट वाढवले म्हणून पल्ला फारसा वाढत नाही. या लहरी सरळ रेषेत जातात आणि कयाकमध्ये बसलेल्या माणसाचा अँटेना पाण्यापासून जेमतेम मीटरभर असतो. दोन कयाकांमध्ये दोन-तीन मैल मिळाले तरी खूप. कोस्ट गार्डचे अँटेना उंचावर असल्याने ते लांबून ऐकतात, पण बेटाचा डोंगर मधे आला तर तेही नाही. हाक गेली नाही असं वाटलं तर रेडिओ हात वर करून, अँटेना उभा धरून पुन्हा बोला. आपसात बोलायला ७२ किंवा ६८ घ्या, एक वॅटवर, आणि थोडक्यात. रेडिओ चालतोय का ते पाहायला १६ वर कुणाला हाका मारू नका. बोट खरंच बुडत असेल किंवा जिवावर बेतलं असेल तर तीनदा मेडे. दमलोय, वाहतोय, पण तरंगतोय, तर तीनदा पॅन-पॅन. काका म्हणतात लोक पॅन-पॅन द्यायला लाजतात आणि मग मेडे द्यायची वेळ येते. खोटा मेडे हा अमेरिकेत गंभीर गुन्हा आहे, मुलांच्या हाती रेडिओ देताना हे लक्षात असू द्या.

हवामानाचे चॅनल विसरू नका. डब्ल्यूएक्स दाबलं की नोआचं यांत्रिक आवाजातलं बुलेटिन अखंड चालू असतं. त्यात "स्मॉल क्राफ्ट अॅडव्हायजरी" (छोट्या बोटींना इशारा) ऐकलं की आम्ही डबा घरच्या गॅलरीत खातो. त्या दिवशी ती दुपारी एकनंतरची होती. म्हणून बेटाच्या पश्चिम टोकावरून, पॉइंट स्टुअर्टवरून, परतीची सामुद्रधुनी साडेअकराच्या सुमारास, ओहोटी लागता लागता, उजवीकडे वर रोख ठेवून ओलांडली. उशीर केला असता तर ओहोटीने यलो ब्लफच्या बाजूला, गोल्डन गेटकडे ओढलं असतं, आणि समोरून वारा. धक्क्याला लागलो तेव्हा लाटांवर फेसाचे पांढरे घोडे उठायला लागले होते.

बेटावर उतरून माउंट लिव्हरमोर चढणार असाल तर तिथे हा रेडिओ गप्पांसाठी वापरू नका. जमिनीवरून मरीन चॅनलवर बोलायला परवानगी नसते. ट्रेकला बिनपरवान्याचे एफआरएस वॉकीटॉकी वेगळे मिळतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, बेल्टचा चाप आणि चार्जिंगच्या पट्ट्या पुसा, आणि त्याच रात्री चार्जिंगला लावा. हिवाळ्यात बॅटरी लवकर बसते, एक जादा ठेवा.

आणि हो, डिसेंबरमध्ये भारतात जाताना "तारकर्लीला कामाला येईल" म्हणून हा रेडिओ बॅगेत टाकू नका. आपल्याकडे त्याला सरकारी वायरलेस परवाना लागतो. ताईने तोच बेत केला होता, काकांनी हाणून पाडला. कोकणात समुद्रात जाणार असाल तर कोस्ट गार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ फोनमध्ये साठवा, आणि बोटवाल्याकडे चालू व्हीएचएफ (असाच मरीन रेडिओ) आहे का ते निघायच्या आधी विचारा.