मेजरांची सायकल

दिवाळीनंतरची गोष्ट. दुकान उघडून पंप बाहेर मांडतोय तोवर मेजर दारात. साताऱ्यात फौजेतून परतलेल्या माणसाला, हुद्दा कुठलाही असो, मेजरच म्हणतात. वय पन्नाशीला टेकलेलं, हातात जुनी स्टीलची रेसिंग सायकल, खिशात पिवळा पडलेला फोटो. मुंबई-पुणे शर्यत, बोरघाटाचा चढ, पाठ पाटासारखी सपाट.

"मला परत असंच बसायचंय," म्हणाले. "हलकी कार्बनची दाखव. हँडल एकदम खाली, गिअर मोठा."

तशी सायकल दुकानात होती आणि पैसे त्यांच्याकडे होते. पण मान धरली, हात बधिर झाले म्हणून महिन्याभरात परत आलेल्या सायकली मी पाहिल्यात. म्हटलं, "मेजर, आधी माप घेऊ."

अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, जांघेत पुस्तक धरायला लावलं. जमिनीपासून पुस्तकापर्यंत 83 सेंमी. 0.883 ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे पॅडलचे दांडे फिरतात त्या आसापासून, सीटची उंची 73.3 येते. ही नुसती सुरुवात. पॅडल तळाला असताना गुडघा 30 अंशांच्या आसपास वाकलेला राहतो का, ते बघून मग पुढंमागं करायचं. जुन्या सायकलची सीट मोजली तर फरक जेमतेम काही मिलिमीटरचा. त्यांचा चेहरा खुलला. मग पायाची बोटं धरायला सांगितली. हात नडगीच्या मध्यावर थांबले.

मी काही बोललो नाही. रेसची सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच पॅडल मारायच्या स्टँडवर, चढवली, हँडल त्यांना हवं तेवढं खाली. दहाव्या मिनिटाला ते करंगळ्या झटकायला लागले. उतरवून दुसऱ्या फ्रेमवर बसवलं, हिचं हँडल तीनेक सेंमी वर. अर्धा तास पॅडल मारत राहिले, हात एकदाही झटकले नाहीत.

गिअरवर मात्र ऐकेनात. पुढच्या चकतीला, म्हणजे चेनरिंगला, दाते जितके कमी तितका चढ सोपा. "34 चं चेनरिंग? ते पोरांचं."

त्यांची माझी उंची सारखीच. म्हटलं, चला यवतेश्वरला. माझी सायकल त्यांना दिली, त्यांची मी घेतली. त्यांच्या सायकलला पुढं 42 दाते, मागं सगळ्यात मोठी चकती 23 ची. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 3.8 मीटर पुढं जाते. माझ्यावर 34 ला 34, म्हणजे 2.1 मीटर. समर्थ मंदिर मागं पडलं आणि घाट लागला तसा मी सीटवरून उठलो, तो जवळजवळ वरपर्यंत उभाच. गुडघ्यांत प्रत्येक फेरा कळत होता. आणि ह्या माणसानं असल्या गिअरवर बोरघाट काढला होता! मेजर पुढं बसून, एका लयीत चालले होते.

वर पोचलो तेव्हा ते खाली शहराकडं बघत उभे होते. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ह्या गिअरला तेव्हा आम्ही हसलो असतो. पण बसून आलो की रं वर."

दुपारी सगळं ठरलं. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढचा चिमटा कार्बनचा, उतारासाठी डिस्क ब्रेक. टायर 28 मिलिमीटर रुंद. पूर्वी ते 23 मध्ये 120 पीएसआयपर्यंत हवा ठासायचे, आता 75 पुरते, आणि खडबडीत रस्त्यावर हात शाबूत राहतात. बुटांच्या तळाला पॅडलमध्ये अडकणाऱ्या पिवळ्या क्लीट लावल्या. त्यांत टाच 6 अंश हलू शकते, गुडघ्यावर ताण येत नाही. चामडी पट्ट्यांचं जुनं हेल्मेट मी त्यांना घालू दिलं नाही, नवं घ्यायलाच लावलं. जुन्या फ्रेमला नवं चाक बसेल का, तेही विचारलं त्यांनी. तिच्या मागच्या चिमट्यात जागा 126 मिलिमीटर, नव्या डिस्कच्या चाकाला लागते 142. तिला तिच्याच चाकांवर ठेवू म्हटलं, बेअरिंग साफ करून देतो.

शेवटी चिमट्याची वरची नळी कापायची वेळ आली. ती मी कापली नाही. हँडल धरणाऱ्या स्टेमखाली 3 सेंमीचे स्पेसर, म्हणजे कड्या, ठेवले आणि मेजरांना दाखवले. पाठ मोकळी होईल तसा एकेक काढून स्टेमच्या वर टाकायचा, हँडल खाली येईल.

त्यांनी खिशातला फोटो काढला, स्पेसरवर बोट ठेवलं. "पयला कधी?"

"पायाची बोटं धरता आली की या."

परवा आले होते. बोटं घोट्याला लागतात आता.