वृत्तपरीक्षक, नोंद चौथी: स्क्रिप्टसाठी लुआ ठरली

तीन महिने रेंगाळलेला निर्णय या आठवड्यात झाला आणि कवितेचे वृत्त तपासणाऱ्या माझ्या सी भाषेतील प्रोग्रॅममध्ये लुआ ५.४ ही छोटी स्क्रिप्ट-भाषा बसली. जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते हा नियम लिहायला सोपा आहे. पण ‘तुम्ही’, ‘पुन्हा’, ‘कुऱ्हाड’ अशा शब्दांत त्या अक्षरावर आघात येत नाही, म्हणून ते लघूच राहते. असे अपवाद आणि कवीने घेतलेल्या सवलती किती मान्य करायच्या, हे वापरणाऱ्याने स्वतः लिहून ठरवावे, यासाठीच स्क्रिप्टची सोय हवी होती.

पायथॉन पुष्कळांना येते म्हणून आधी तीच पाहिली. मात्र तिच्या इंटरप्रिटरबरोबर (स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर) प्रमाण लायब्ररीही द्यावी लागते, आणि परक्या स्क्रिप्टला फाइलींपासून दूर ठेवण्याची भरवशाची सोय त्या इंटरप्रिटरमध्ये नाही. फाब्रिस बेलार यांचे क्विकजेएस हे छोटे जावास्क्रिप्ट इंजिन मला मनापासून आवडले. तरी त्यात प्रत्येक मूल्याची मालकी सी कोडमध्ये हाताने सांभाळावी लागते आणि माझ्याकडून मेमरी वारंवार सुटत राहिली. लुआमध्ये सी कोडशी सगळी देवघेव स्टॅकवरून, म्हणजे मूल्यांच्या एका चळतीवरून होते. १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात घडलेली ही भाषा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये राहण्यासाठीच आखलेली आहे, हे तिच्या सी इंटरफेसवर काम करताना पावलोपावली जाणवते.

खरी अडचण देवनागरीची होती. लुआची स्ट्रिंग म्हणजे निव्वळ बाइटांची माळ. ‘मराठी’ या शब्दाची लांबी ती १५ सांगते, काना-वेलांटीही वेगळी मोजणारी तिची यूटीएफ-८ लायब्ररी ५ सांगते आणि वृत्ताला हवी असतात ३ अक्षरे. एवढ्यावरून मी लुआ नाकारणार होतो. मग लक्षात आले की अक्षरे तोडण्याचे काम स्क्रिप्टकडे द्यायचेच कशाला? आता ते सी कोड करतो आणि स्क्रिप्टला प्रत्येक अक्षर, त्याचा स्वर व पुढे जोडाक्षर आहे का, एवढेच एका टेबलात (लुआच्या यादीवजा रचनेत) मिळते. भुजंगप्रयाताचे चार य-गण तपासणारी स्क्रिप्ट त्यामुळे अकरा ओळींत मावली.

सुरक्षेसाठी आयओ आणि ओएस या फाइली व संगणकाच्या आज्ञा हाताळणाऱ्या लायब्रऱ्या उघडलेल्याच नाहीत. तेवढे पुरत नाही: मूळ लायब्ररीतील डूफाइल व लोडफाइल ही फंक्शनेदेखील फाइली वाचतात, म्हणून तीही काढली, आणि बायटकोड (आधीच भाषांतरित केलेले यंत्ररूप) नाकारून फक्त मजकूररूप स्क्रिप्ट स्वीकारली. न थांबणाऱ्या लूपसाठी दर एक लाख सूचनांनंतर हुक, म्हणजे लुआने मधूनच बोलावलेले माझे फंक्शन, वेळ तपासतो आणि मर्यादा ओलांडल्यास त्रुटी उठवतो, जी पीकॉल हे त्रुटी पकडणारे फंक्शन झेलते. सीमध्ये लिहिलेले एखादे फंक्शनच लांबले, तर मात्र हा हुक चालत नाही. स्ट्रिंगमधील पॅटर्न शोधताना हे घडू शकते, म्हणून ती फंक्शने तूर्त बंद ठेवली आहेत.

पुढच्या नोंदीपर्यंत मात्रावृत्तांसाठी तेच टेबल पुरते का, हे पाहायचे आहे.